नशिराबादच्या घराला कुलूप

त्या जूनमध्ये जळगावचं कोर्ट दिवसातून दोन-अडीच तास चालायचं. फक्त तातडीची कामं: रिमांड, जामीन, एखादा मनाई हुकूम. गेटवरचा पोलीस कपाळासमोर पिस्तुलासारखं यंत्र धरून ताप बघायचा आणि ज्याचं प्रकरण त्या दिवशी बोर्डावर नाही त्या वकिलाला आत सोडायचा नाही. बार रूम बंद होती. वीस-वीस वर्षं सकाळी साडेदहाला कोट चढवून घराबाहेर पडायची सवय असलेल्या माणसाला घरी बसवलं, की तो घरच्यांचीच उलटतपासणी घ्यायला लागतो. म्हणून आम्ही बहुतेक जण आपापल्या ऑफिसात येऊन बसायचो. काम फारसं नव्हतं. बसायचो आणि बोलायचो.

आमचं ऑफिस कोर्टापासून पाच मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. दोन टेबलं, पुस्तकांचं एक कपाट आणि मध्ये अशिलांसाठी बाकडं. एका टेबलावर मी, दुसऱ्यावर माझा सहकारी. आम्ही दोघे एकाच सीनियरच्या हाताखाली शिकलो. सीनियर गेले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी ती जागा आम्हा दोघांना वापरायला दिली. मी त्याला भाऊ म्हणायचे, तो मला ताई. अठरा वर्षांत आमचं वाजलं नव्हतं असं नाही, पण संध्याकाळपर्यंत मिटायचं.

तिसरे नाना. साठी उलटलेले, जमिनीच्या वादांची दिवाणी कामं करणारे वकील. त्यांच्या घरात दोन मुलं, दोन सुना, आणि प्रत्येक खोलीत एकेक नातवंड मोबाइलवर शाळा मांडून बसलेलं. त्यामुळे ते रोज अकराला आमच्याकडे येत आणि खिडकीजवळची खुर्ची धरत.

बोलणं सगळं कामाचंच. व्हिडिओवर समोरच्याचा चेहरा नीट दिसला नाही की कोणते न्यायाधीश चिडतात, कोणत्या वकिलाने माइक बंद न करता बायकोला भाजीवरून झापलं आणि ते सगळ्या कोर्टाने ऐकलं, कोणाच्या कारकुनाचा रिपोर्ट आला. कोट आणि गळ्यातल्या पांढऱ्या बँडची सक्ती उठली होती. नानांना ते पटलं नव्हतं. कोट काढल्यावर वकिलात आणि अशिलात फरक काय राहिला, असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत. मग गाडी आपापल्या प्रकरणांवर यायची. कोणाचा नवरा कुठे खोटं बोलतो, कोणाच्या भावाने सातबाऱ्यावर परस्पर नाव लावून घेतलं, कोणता साक्षीदार सकाळीच पिऊन येतो. अशिलांची नावं आम्ही बिनदिक्कत घ्यायचो. बार रूममध्येही हेच चालायचं, पण तिथे गोंगाट असायचा, पुकारा झाला की माणूस अर्ध्या वाक्यावरून उठून पळायचा, कोणाचं कोणाला धड ऐकू जायचं नाही. इथे तीन माणसं, लांब लांब ठेवलेल्या खुर्च्या आणि मास्कमुळे मोठ्याने बोलायची लागलेली सवय. एक शब्द वाया जात नव्हता.

भांडणंही तिथेच सुरू झाली. जळगावात त्या दिवसांत वरचा स्लॅब इतका तापतो की दुपारी भिंतीला पाठ टेकवत नाही. मी म्हणायचे, कूलर बंद ठेवा, एकाचा श्वास दुसऱ्याच्या नाकात जातो, खिडक्या उघडा. सहकारी म्हणायचा, खिडकीतून येते ती हवा नाही, झळ आहे. एक दिवस मी त्याच्या देखत कूलरची टाकी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी त्याने अशिलांच्या बाकड्यावर कागद चिकटवला, 'एका वेळी एकच'. माझ्याकडे बायका यायच्या, आणि त्या एकट्या कधीच येत नाहीत. आई, मावशी, मामा, कोणीतरी बरोबर असतंच. हे त्याला अठरा वर्षं माहीत होतं. मी तो कागद फाडला. त्याने दुसरा लावला. नाना दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघत बसले.

अशा दिवसांत ती बाई माझ्याकडे आली.

ती सावद्याजवळच्या खेड्यातली, केळीच्या बागा असलेल्या घरातली, लग्न करून धुळ्याला दिलेली. नवऱ्याशी पटेना म्हणून लॉकडाऊनच्या आधीच साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी आली होती. मे महिन्यात नवरा पास काढून गाडी घेऊन आला. माझी आई अंथरुणाला खिळली आहे, नातीचं तोंड बघायचं म्हणते, दोन दिवसांत आणून सोडतो, असं सांगून मुलीला घेऊन गेला. दोन दिवसांचे वीस झाले. फोन उचलेना. शेवटी एक निरोप आला, की तू तिकडेच राहा, मुलीची काळजी करू नकोस. तेव्हा ती जळगावला मामाकडे येऊन राहिली आणि मामाच तिला माझ्याकडे घेऊन आला.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. मारहाण, दागिने, सासरची माणसं. तिने सगळ्याची उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाली, "मले माझी पोर पाहिजे बाई. दुसरं काई नको."

मी कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज टाकला आणि मुलीचा ताबा तातडीने आईकडे द्यावा अशी मागणी केली. नवऱ्याकडून धुळ्याचा एक वकील उभा राहिला. तो माझ्या सहकाऱ्याचा जुना मित्र. लॉ कॉलेजला असताना दोघे धुळ्यात एका खोलीवर राहायचे, आणि अजूनही रोज संध्याकाळी त्यांचा फोन असायचा. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर मी बऱ्याच जणांना सांगितलं की ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

नवऱ्याने लेखी म्हणणं दिलं. मुलगी धुळ्यात आमच्या घरी सुखरूप आहे, पण गल्लीत रुग्ण निघाल्याने सगळा भाग सील झाला आहे, तिला बाहेर काढणं धोक्याचं आहे. बांबू ठोकून बंद केलेल्या गल्लीत पोलीसही सहजासहजी जात नव्हते, तेव्हा ही सबब चांगली होती. पण दोन दिवसांनी माझ्या अशिलाच्या मावशीचा फोन आला. मावशी नशिराबादला राहते. जळगावपासून जेमतेम दहा किलोमीटर. तिच्या मागच्या गल्लीत त्या नवऱ्याच्या बहिणीचं घर आहे. मावशी गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेली तर समोरच्या गच्चीवर ही मुलगी उभी. मुलीने मावशीला ओळखून हाकही मारली होती.

ही गोष्ट मी अर्जात लिहिली नाही. लिहिली असती तर प्रत समोरच्या वकिलाकडे गेली असती. मी फक्त एवढंच मागितलं, की मुलगी जिथे सापडेल तिथून पोलिसांच्या मदतीने ती आईला मिळावी. शुक्रवारी दुपारी तसा हुकूम झाला. कोर्टात निम्मेच कर्मचारी होते, टायपिस्ट एकच, त्यामुळे प्रत हातात पडायला पाच वाजले. पोलीस म्हणाले, उद्या सकाळी आठला निघू. मी अशिलाला तयार राहायला सांगितलं आणि ऑफिसात आले.

नाना आणि सहकारी चहा घेत होते. नानांनी हुकूम वाचला आणि म्हणाले, हुकूम चांगला आहे, पण सील केलेल्या गल्लीत कोण जाणार. सहकारी हसला. म्हणाला, "ताई, फ्रेम करून लाव आता."

मला ते झोंबलं. तीन महिन्यांत हाती लागलेलं पहिलं धड काम, त्यात मी समोरच्याला बरोबर पकडलेलं, आणि हे दोघे मला नवशिकी समजून बोलत होते. मी सांगून टाकलं. मुलगी धुळ्यात नाहीच, नशिराबादला आहे, आत्याकडे. मावशीने स्वतः गच्चीवरून बघितली आहे. उद्या आठ वाजता पोलीस धुळ्याला नाही, नशिराबादला जाणार. कपात चहा निवत होता आणि मी हे रंगवून रंगवून सांगत होते. नाना मान हलवून "वा" म्हणाले. मला ते "वा" फार आवडलं.  सहकाऱ्याने त्याच्या कपाखाली कागद सरकवला आणि मोबाइल उचलला, एवढंच मला आठवतं.

शनिवारी सकाळी आम्ही मामाच्या गाडीतून पोलिसांच्या मागे गेलो. त्या घराला कुलूप होतं. ओट्यावर खाट उभी करून ठेवलेली, दोरीवरचे कपडे काढून नेलेले. शेजारच्या म्हातारबाबांनी सांगितलं, काल दिवेलागणीला गाडी आली, बठ्ठा लोक बसनात नि गयात. सगळे बसून कुठे गेले, ते त्यांना माहीत नव्हतं. माझी अशील घराला वळसा घालून मागच्या दाराशी गेली आणि दारावर थापा मारत मुलीला हाका मारू लागली. हवालदाराने तिला दोनदा सांगितलं, बाई, आत कोणी नाही. ती परत पुढे आली, ओट्यावर बसली आणि उठेना. तासाभराने मामाने तिला दंड धरून गाडीत बसवलं. गल्लीच्या तोंडाशी मावशी उभी होती. आम्हाला बघून तिने पदर पुढे ओढला आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. आदल्या दिवशी जायच्या आधी त्या घरातली दोन माणसं तिच्या दारात येऊन तिला नको नको ते बोलून गेली होती. गच्चीवरून हेरगिरी करतेस का, असं त्यांनी विचारलं होतं. तिचा नवरा त्यामुळे तिच्यावरच चिडला होता. त्या मावशीने पुढे माझ्या अशिलाशी बोलणं सोडलं, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजूनही ते सुरू झालेलं नाही.

परतीच्या वाटेवर मी मामावर घसरले. हे तुमच्याच घरातून फुटलं, कोणाकोणाला सांगितलंत, असं मी त्याला भाचीच्या देखत विचारलं. तो गाडी चालवत होता. म्हणाला, मी कोणालाच सांगितलं नाही. मी म्हटलं, मग काय भिंतींनी सांगितलं? त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, दोन मिनिटं तसाच बसला आणि मग परत चालू केली. 

सोमवारी व्हिडिओवर सुनावणी होती. मी माझ्या टेबलावर लॅपटॉप लावून बसले होते. सहकारी त्याच्या टेबलावर, नाना खिडकीशी. धुळ्याचा वकील पडद्यावर आला, मागे त्याच्या घरची कपाटं. तो शांतपणे बोलला. अर्जदार बाईंच्या मावशीला गच्चीवरून काय दिसलं यावर पोलीस पाठवले जातात, हे योग्य नाही, मुलगी धुळ्यात आमच्या राहत्या घरीच आहे, आजही तो भाग सील आहे. आणि मग किंचित हसून म्हणाला, "तोपर्यंत तो हुकूम माझ्या विद्वान मैत्रिणीला फ्रेम करून लावावा लागेल."

लॅपटॉपचा आवाज मोठा होता. ते शब्द खोलीभर ऐकू गेले. मी मान वळवून शेजारच्या टेबलाकडे बघितलं. सहकाऱ्याने समोरची फाइल उघडली आणि वाचायला लागला. नाना पिशवीत चष्म्याचं घर शोधायला लागले. मुलीबद्दल तो वकील खोटं बोलत नव्हता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. शुक्रवारपर्यंत खोटं असलेलं त्याचं म्हणणं शुक्रवारी रात्री, तिला गाडीतून धुळ्याला नेल्यावर, खरं झालं होतं. मुलगी आता खरंच बांबूंच्या पलीकडे होती. न्यायाधीशांनी सील उठेपर्यंत प्रकरण पुढे ढकललं.

लॅपटॉप बंद करून मी सहकाऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. आधी तो म्हणाला, फ्रेम करून लावणं ही साधी बोलायची पद्धत आहे, कोणीही म्हणतं. मी तशीच उभी राहिले. मग म्हणाला, धुळ्याहून त्याचा फोन आला होता, तो म्हणाला तुझ्या शेजारच्या मॅडम आज खूश असतील, मी म्हटलं असणारच, उद्या नशिराबादला पोलीस जाणार. मुद्दाम काही सांगितलं नाही. बोलता बोलता निघालं.

"आणि मावशी? गच्ची? तेही बोलता बोलता?" मी विचारलं.

 त्याने फाइल मिटली आणि माझ्याकडे बघितलं. "तू कुठे गप्प बसलीस? तुझ्या अशिलाचं गुपित तू मला सांगितलंस. मी काही तुझं वकीलपत्र घेतलेलं नाही, मॅडम."

त्या दिवसापासून मी मॅडम झाले.

मी नानांकडे वळले. शुक्रवारी काय बोलणं झालं ते तुम्ही ऐकलंय, तक्रार केली तर सांगाल का, असं विचारलं. नाना उठले, पिशवी खांद्याला अडकवली. "मला यात घेऊ नकोस. माझे कान गेलेत असं समज." ते जिना उतरून गेले ते आमच्या ऑफिसात परत आले नाहीत. काही दिवसांनी ते समोरच्या इमारतीत दुसऱ्या एका वकिलाकडे खिडकीत बसलेले दिसले.

त्याच रात्री जेवण झाल्यावर मी वकिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, की अशिलांची माहिती बाहेर पुरवणारी माणसं आपल्यात आहेत. नाव लिहिलं नाही. दहा मिनिटांत सगळ्यांना नाव कळलं होतं. काहींनी हात जोडलेली चित्रं टाकली. एकाने लिहिलं, ज्याने त्याने आपलं तोंड सांभाळावं. एकाने लिहिलं, बायकांची प्रकरणं घेणारे मनाला फार लावून घेतात. सहकाऱ्याने एकच ओळ लिहिली: "प्रश्न हा आहे की माहिती मुळात बाहेर काढली कोणी." त्याला एकोणीस अंगठे आले. मी मोजले. सकाळी बार असोसिएशनच्या अध्यक्षांचा फोन आला, आधीच लोक घाबरलेले आहेत, तुम्ही मजकूर काढून टाका. मी काढला नाही. मग त्यांनी मलाच ग्रुपमधून काढलं.

मी बार कौन्सिलकडे तक्रार करायची ठरवलं आणि लिहायलाही बसले. तारीख, वार, कोण कुठे बसलं होतं, सगळं आलं. पण एका वाक्यापाशी अडले. 'सदर माहिती मी त्यांना दिली.' हे वाक्य टाळून पुढे जाता येईना. मी ते तीन-चार प्रकारे लिहून बघितलं. 'सदर माहिती त्यांच्या कानी आली', 'सदर माहिती कार्यालयात चर्चिली गेली'. अठरा वर्षं मी अशिलांची लंगडी वाक्यं सरळ करत आले आहे. मला हे लंगडं दिसत होतं. तक्रार गेली नाही. ते कागद अजून माझ्याकडे आहेत.

मामाची माफी मात्र मागावीच लागणार होती. मी त्याला आणि भाचीला ऑफिसात बोलावलं. सहकारी कोर्टात गेलेला असेल अशी वेळ बघितली. मामाला म्हटलं, तुमची चूक नव्हती, मी उगाच बोलले. तो म्हणाला, मग कोणाची होती? तेव्हा मी सांगितलं. कोणाला, कुठे, कशी बोलले ते सांगितलं. सहकाऱ्याचं नाव घेतलं नाही, इथलाच एक वकील एवढंच म्हटलं.

माझी अशील बाकड्यापाशी उभी होती. ती बसली नव्हतीच. तिने विचारलं, "चहा पेता पेता?"

मी हो म्हटलं.

"माझ्या पोरीचं?"

मी परत हो म्हटलं. मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. ती तसं काही करणारी नव्हती. तिने विचारलं, माझ्याबद्दल अजून काय काय सांगितलंत. मी म्हटलं, दुसरं काही नाही. तेही खरं नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या सवयी, तिच्या अंगावरच्या खुणा, यावर आम्ही पहिल्याच आठवड्यात बोललो होतो. ती म्हणाली, मला दुसरा वकील करायचा आहे, पण सध्या कोणी भेटत नाही, म्हणून तुम्हीच राहा. इतकं साफ मला कोणत्याही अशिलाने सांगितलं नव्हतं. त्यानंतर फोन आला तर मामाचा यायचा. ती बोलायची नाही.

गल्ली उघडल्यावर नवरा सेशन कोर्टात गेला. तिथे त्याचं अपील टिकलं नाही. शेवटी ठरलं, की जळगाव आणि धुळ्याच्या मध्ये पारोळ्याला, पोलीस स्टेशनच्या आवारात मुलगी आईच्या हाती द्यायची. नशिराबादच्या त्या सकाळपासून सव्वा महिना झाला होता.

ते लोक गाडीतून आले. आजी उतरली, मुलगी तिच्या कडेवर. अंथरुणाला खिळलेली म्हणून सांगितलेली बाई चांगली धडधाकट चालत आली. पोलिसांनी कागदावर सह्या घेतल्या. आजी माझ्या अशिलाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "पोर आमनी शे. आज लई जा, पन आमनी शे." आई पुढे झाली. तिने मास्क खाली ओढून मुलीला तोंड दाखवलं, हाक मारली. मुलीने आजीच्या मानेला मिठी घातली आणि किंचाळायला लागली. एका महिला पोलिसाने तिची बोटं एकेक करून सोडवली. आईने तिला घेतलं तेव्हा ती आईच्या तोंडावर मारत होती. आई तशीच गाडीत जाऊन बसली, काचा वर केल्या. बाहेरून आवाज येत नव्हता, फक्त मुलीचे हात हलताना दिसत होते.

धुळ्याचा वकील तिथेच सावलीत उभा होता. मी त्याला ओलांडून गाडीकडे निघाले तेव्हा त्याने हाक मारली. मी थांबले. तुम्हाला लाज वाटली नाही का, एवढंच मी त्याला विचारलं.

"मला कसली लाज?" तो म्हणाला. "माझ्या कानावर आलं, ते मी माझ्या अशिलाच्या कामी आणलं. तुम्ही तुमच्या अशिलासाठी एवढंही केलं नाही, गप्प बसण्याचं."

त्याने हे चढ्या आवाजात म्हटलं नाही.  मी गाडीत पुढे मामाशेजारी बसले.

ऑफिसात आम्ही दोघे तसेच बसत राहिलो. मध्ये पुस्तकांचं कपाट आडवं ओढून घेतलं, त्यामुळे तोंडं दिसत नव्हती. पुढच्या वर्षी दुसरी लाट आली तेव्हा तो सापडला. चांगला बारा दिवस ऑक्सिजनवर होता. ज्या ग्रुपमधून मला काढलं होतं तिथे त्याच्यासाठी प्रार्थना चालू आहेत असं कोणीतरी सांगितलं. त्याच्या बायकोचा मला फोन आला, की यांच्या तीन तारखा आहेत, तुम्ही तेवढ्या बघाल का. मी तिन्ही ठिकाणी उभी राहिले, वकीलसाहेबांची प्रकृती ठीक नाही म्हणून पुढच्या तारखा घेतल्या, आणि तिला त्या कळवल्या. तो कसा आहे हे विचारलं नाही. विचारायचं सुचलं नाही असं नव्हे, मनात आलं होतं. तो बरा होऊन परत आला तेव्हा वीस किलोने उतरला होता. कपाटापलीकडून म्हणाला, "मॅडम, तिसऱ्या कामात तारीख घ्यायची नव्हती. युक्तिवाद करायला हवा होता." मी म्हटलं, मी काही तुझं वकीलपत्र घेतलेलं नाही. तो खोकत राहिला.

त्या वर्षाच्या शेवटी माझी अशील ऑफिसात आली. घटस्फोटाचं काम तिने दुसऱ्या वकिलाकडे दिलं होतं आणि तिला जुनी फाइल आणि माझी लेखी ना हरकत हवी होती. दीड वर्षात ती पहिल्यांदा माझ्याशी स्वतः बोलत होती. मी कागद पुढे केला. तिने तो उभ्यानेच सगळा वाचला आणि मगच घेतला. मुलगी बालवाडीत जाते, आता नीट आहे, असं तिने मी विचारल्यावर सांगितलं.

तेवढ्यात कपाटापलीकडे खुर्ची सरकली आणि सहकारी बाहेर जायला निघाला. तिने त्याच्याकडे बघितलं. मग मला विचारलं, "हेच का ते?"

मी हो म्हटलं. तो दारात थांबला. मग चप्पल घालत राहिला.

ती त्याला बराच वेळ न्याहाळत होती. मग तिने मध्ये ओढलेलं कपाट बघितलं, इकडचं टेबल, तिकडचं टेबल. "तुम्ही दोघं अजून इथंच बसता?" असं म्हणाली. फाइल पिशवीत घातली आणि गेली.

पुढच्या महिन्यात मी ती जागा सोडली. कपाटातली पुस्तकं वाटून घेताना आम्ही एका जुन्या दिवाणी कायद्याच्या पुस्तकावरून परत भांडलो. दोघांच्याही टेबलावर त्याची नवी आवृत्ती होती. शेवटी ते पुस्तक तिथेच जमिनीवर राहिलं. आता मी एका गल्लीआड, एका टेबलाच्या खोलीत बसते. आम्ही अधूनमधून एकमेकांविरुद्ध उभे राहतो. न्यायाधीशांसमोर तो मला विद्वान मैत्रीण म्हणतो, मी त्याला विद्वान मित्र म्हणते, आणि बाहेर व्हरांड्यात येईपर्यंत आमच्यातलं बोलणं संपलेलं असतं.